जेरीकॅनच्या गळ्याची चिंधी

नागपूरची पोस्टिंग लागली तेव्हा सोबतचे म्हणाले, "तुझं काय, तू तर घरीच चाललास." खरंच होतं. धरमपेठेत आई होती, सुटीच्या दिवशी जेवून परत येता येई. मी लष्कराच्या इंजिनिअर्सच्या तुकडीत नायक होतो. सत्तरच्या दशकातला तो उन्हाळा आठवला की अजूनही सगळं पिवळसर दिसतं, धुळीच्या पडद्याआडून पाहिल्यासारखं.

त्या मे महिन्यात आम्हाला झाडं कापायची नवी पॉवर सॉ मिळाली. ती हवालदार तुळशीराम धोटे यांच्या ताब्यात होती. ते काटोलकडचे, घरी संत्र्याची बाग. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. पी.टी. झाली की ते कडुनिंबाखाली बसून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत. नव्या इंजिनाला ऑइल थोडं जास्त, आणि पहिल्या काही टाक्या फुल थ्रॉटल, म्हणजे पूर्ण वेग, नाही. मग सॉ चालू करत, निळा धूर पानांत रेंगाळायचा. बसल्या बसल्या मला डुलकी लागायची.

"उस्ताद, इतकं ऑइल?"

"नवी हाय गा ते. आतल्या भागाईची अजून वळख नाही एकमेकाशी. ऑइल पाजून पाजून वळख करून द्या लागते."

मिसळलेलं पेट्रोल आणि साधं पेट्रोल, कॅनमध्ये दोन्ही सारखीच दिसत. म्हणून तुकडीत रिवाज होता. मिसळणाऱ्याने जेरीकॅनच्या गळ्याला चिंधी बांधायची आणि ती गाठ त्यानेच सोडायची. इंजिन जाम झालं तर विचारायचं कोणाला, हे ठरलेलं असे. दुसऱ्याची गाठ कोणी सोडत नसे, मग तो कितीही घाईत असो.

सॉचं रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवणं, चालू असतानाच एका दुपारी वादळ आलं. कोराडी रोडवर चिंचेचं झाड आमच्याच लॉरीवर पडलं. ड्रायव्हर शिंदे केबिनमध्ये अडकला, पाय दबलेला. आम्ही पोचलो तेव्हा वारा पडला होता आणि रस्ताभर चिंचेचा पाला पसरला होता. इतकं शांत होतं की शिंदेचा श्वास ऐकू येत होता.

वायरलेसवर कॅप्टनसाहेब होते. "किती वेळ? ओव्हर."

"सॉ नवी आहे, सर. हळू चालवतोय. ओव्हर," मी सांगितलं.

"जाम होऊ देऊ नका. दुसरी नाही. ओव्हर."

उस्ताद अर्ध्या थ्रॉटलवर कापत होते. मध्येच थांबून इंजिनाला विसावा देत. शिंदेचं कण्हणं मला ऐकवेना.

"उस्ताद, जरा जोरात!"

"काहून घाई करून राहिला गा? हे बंद पडली त त्याले काय हातानं काढशीन?"

मग वाकून ताणलेली एक फांदी कापता कापता सुटली आणि त्यांच्या छातीवर बसली. ते चाकाला टेकून खाली बसले. मी सॉ उचलली. मोठी फांदी अजून केबिनवर होती. थोडं कापलं आणि इंजिन बंद पडलं. टाकी रिकामी.

"गाठ सोड," उस्ताद म्हणाले.

"तुमची आहे, उस्ताद."

"सोड म्हणतो ना. पोरगा आत हाय."

गाठ सुटली. मी कॅन तिरपा करणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. आधी हालवून घे गा. ऑइल खाली बसते."

मी कॅन हलवला, टाकी भरली आणि कापत राहिलो, अर्ध्याच थ्रॉटलवर. शिंदे जिवंत निघाला. पुढे थोडा लंगडायचा, पण लॉरी चालवायचा. उस्ताद हॉस्पिटलच्या वाटेवरच वारले. डोकं माझ्या मांडीवर होतं. मी रडलो, सगळ्यांसमोर.

त्यांनी मिसळलेलं पेट्रोल अजून उरलं होतं. उरलेलं रनिंग-इन मी त्यावरच पूर्ण केलं, त्याच कडुनिंबाखाली. धूर तसाच पानांत रेंगाळला. ती चिंधी मी परत बांधली नाही. बांधली असती तर गाठ माझी झाली असती.

आता धरमपेठेतच असतो. स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायच्या आधी डबा हलवतो. बायको हसते. "रॉकेलमध्ये काय बसते हो खाली?"

हवालदार तुळशीराम धोटे, मी मनात म्हणतो, आणि पुन्हा एकदा हलवतो.