वणव्याआधीची विचारपूस

एखाद्या नियमासाठी पंचायतीकडे मागणी करण्याआधी गाव त्याला तयार आहे का, हे पाहणे माझे काम आहे. राहायला मी भोरला; या हिवाळ्यात नसरापूरमार्गे पालीच्या पलीकडच्या एका वाडीत फेऱ्या चालल्या होत्या. डोंगराला वणवा लावणाऱ्याला दंड व्हावा, असा ठराव जानेवारीच्या ग्रामसभेत आणायचा आमच्या संस्थेचा विचार होता. वाळके गवत जाळले की पावसात नवे चांगले फुटते, या समजुतीने दरवर्षी कुणीतरी काडी लावते. कोण, ते वाडीला ठाऊक असते. बोलत कुणी नाही.

ठराव सगळ्यांत जास्त हवा होता तो वाडीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईंना. गेल्या उन्हाळ्यात वणवा खाली उतरला आणि त्यांच्या गोठ्याचे छप्पर, पेंढा, सगळे गेले. दावी कापून म्हशी तेवढ्या वाचवल्या. नवरा पुण्यात टेम्पो चालवतो. "सभेत म्या बोलते," त्या म्हणाल्या. "कुनाला भीत न्हाई." मी खूश झालो. त्यांच्या जळलेल्या गोठ्यात मला आमच्या ठरावाची सोय दिसली होती, हे आज लिहितानाही अवघड जाते.

मग घरोघर विचारले. ठराव हवा का? जो तो हो म्हणाला. इतके सरळ होकार मिळाल्यावर मला समाधान वाटायला हवे होते. उलट झोप उडाली; काडी लावणारेही याच घरांत होते.

या भागात भाताची लावणी सावडीने होते. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुमच्या. मजुरीचा प्रश्न नाही. दुसऱ्या फेरीत एका शेतकऱ्याच्या ओट्यावर मी प्रश्न बदलला. बाईंच्या बोलण्यावरून तुमच्या भावकीत कुणाला दंड झाला, तर लावणीला बाईंच्या खाचरात जाल का? त्यांनी हनुवटी खाजवली.

"सायेब, दंड पंचायत घेनार. चिखलात शेजारी शेजारी वाकायचंय आमाला."

पुढच्या घरांतही हेच विचारले. कुणी मोबाईल काढला, कुणी थंडी फार पडल्याचे सांगितले. एक आजी तेवढ्या स्पष्ट बोलल्या, की नाही जाणार.

गाव तयार नव्हते. मी तसे कळवले आणि मागणी पुढे ढकलली गेली. बाईंनाही सांगितले, गाव अजून तयार नाही, यंदा बोलू नका, लावणीला एकट्या पडाल. त्यांनी वाद घातला नाही. ग्रामसभेत त्या मागच्या बाजूला, पदर घट्ट ओढून बसल्या होत्या. आयत्या वेळचे विषय विचारले गेले तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी हातातले कागद नीट करू लागलो.

योग्य केलेस, असे सहकारी म्हणाले. मलाही ते पटते. तरी फेब्रुवारीभर जिवाला स्वस्थता नव्हती. नसरापूरच्या रस्त्याने जाताना कुठे धूर दिसला की गाडी बाजूला घेऊन दिशा बघायची. बहुधा कुणी बांधावरचा पाला पेटवलेला असे. बायको म्हणाली, तिकडे फोन तरी करा. केला नाही. काय विचारणार होतो?

शेवटी मार्चमध्ये गेलो. डोंगर अजून जळायचा होता, गवत कडकडीत वाळले होते. गोठ्यावर नवे पत्रे होते, आत काही नव्हते. दावणीत कोंबड्या उकरत होत्या. बाईंनी कोरा चहा पुढे ठेवला.

म्हशी विकल्या का, मी विचारले.

"इकीन कशाला? वनव्याआदीच कामथडीला भावाकडं धाडल्यात. म्हशी माहेरी गेल्या, म्या हितंच," त्या हसल्या. दूध भावाचे, चाराही त्याचाच. डेअरीला घालायला आता काही नव्हते.

परत कधी आणणार, हे विचारायला नको होते. विचारले.

"तुमचं गाव तयार झालं की आनू," त्या म्हणाल्या आणि कोंबड्या हाकलायला उठल्या.