हात घालू नका

छापखान्यात किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. आमच्याकडे तर भिंतीवर साचलेत. चिखलीतल्या एका गाळ्यात आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं काम चालतं. छापताना जे जे बिघडलं, ते भानुदासभाऊंनी भिंतीला चिकटवून ठेवलंय. आलेला माणूस आधी भिंत वाचतो, मग काम सांगतो. त्यातलेच थोडे सांगते. हसू आलं तर खुशाल हसा, मला हल्ली येत नाही.

माणसं आम्ही तीनच. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करते आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाते. भानुदासभाऊ बीडकडचे, छपाई त्यांची. आणि मंगलबाई चिखलीच्याच जुन्या घरातल्या, छापलेला माल रॅकवर वाळत घालतात.

*

एकदा ताथवड्याच्या कॉलेजची पोरं टी-शर्ट छापायला आली. एकाने भाऊंना विचारलं, "काका, हे नक्की चालतं कसं?"

भाऊंना असं कोणी विचारलं की झालं. त्यांनी चौकट उचलली. चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते.

"पिठाची चाळणी बगितली ना? ही तसलीच. हिला रसायन फासायचं, डिझाइनची फिल्म लावायची आन् उजेड दाखवायचा. उजेड लागला तिथं रसायन घट्ट बसतं. फिल्मच्या काळ्याखाली झाकलेलं पाण्यानं धुऊन जातं. तेवढीच भोकं उघडी. वरून रबराच्या पट्टीनं शाई ओढली, की उघड्या भोकातून खाली उतरती. बास."

पोरं खूश. पण समजावण्याच्या नादात भाऊंनी फिल्म उलटी लावली होती. सगळ्या शर्टांवर कॉलेजचं नाव आरशात दिसावं तसं उमटलं. मी मनात म्हटलं, आता हे पैसे बुडवणार, वर शिव्या देणार. पोरांच्या म्होरक्याने शर्ट अंगाला लावला, मोबाइल समोर धरला आणि म्हणाला, "मॅडम, सेल्फीत सरळ येतंय की. चालेल."

त्यातला एक शर्ट अजून भिंतीवर आहे.

*

या धंद्यात थिनर लागतो. जाळी पुसायला थिनर, शाई पातळ करायला थिनर. भाऊंना मास्क आणून दिला तर तो खुंटीला लटकला. थिनरच्या उग्र वासाने हळूहळू त्यांचं नाक गेलं.

एके दिवशी जेवताना मंगलबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचं वरण आंबलंय. वास न्हाई आला?"

भाऊ जेवत राहिले. "मला समदं सारखंच बाई. बायको इचारती, भाजी कशी झाली. मी तिच्या तोंडाकडं बगून सांगतो."

आम्ही हसलो. नंतर मी एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. उपयोग काय, जायचं ते गेलंच होतं.

*

जाळी धुऊन पुन्हा वापरायची असते. कितीही घासली तरी आधीच्या डिझाइनची फिकट सावली तिच्यात राहते. छापताना ती उतरत नाही, नुसती दिसते.

एका घरची लग्नपत्रिका आम्ही छापली होती. पुढे त्याच घरून नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या दशक्रियेचं कार्ड आलं आणि हाताला नेमकी तीच जाळी लागली. मंगलबाईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ताई, हितं अजून मांडव हाय वो."

काम घाईचं होतं. तरी भाऊंनी ती जाळी बाजूला ठेवली आणि दुसरी ताणायला घेतली. 

*

लग्नपत्रिका आता कमीच येतात. आमचं पोट चाकणच्या कंपन्यांवर चालतं. मशीनचे पॅनल, मीटरच्या तबकड्या, प्लास्टिकचे क्रेट, कधी कांद्याच्या गोण्या. आणि सगळ्यात जास्त म्हणजे धोक्याचे स्टिकर. 'ज्वलनशील', 'विजेचा धोका', 'हात घालू नका'. त्या शेवटच्यावर दोन दातेरी चाकं आणि त्यांत सापडणारा पंजा, पाचही बोटं पसरलेला. ते चित्र मीच काढलेलं.

बिघडलेले स्टिकर भिंतीवर मावेनात, तेव्हा भाऊ घरी न्यायला लागले. त्यांच्या खोलीत मी एकदा गेले होते. टीव्हीवर 'विजेचा धोका', दारावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही'. त्यावरून त्यांचे सासरे एकदा रुसून परत गेले होते म्हणे. आणि फळीवरच्या लाडवाच्या डब्यावर 'हात घालू नका'.

"हा कोणासाठी?" मी विचारलं.

"मह्या लेकरासाठी," भाऊ म्हणाले. गणेश तेव्हा शाळेत होता. "पर काय उपेग न्हाई ताई. स्टिकर बगतो, आन् हात घालतोच."

गणेश तिथेच बसून हसत होता. तोंडात लाडू होता.

*

गणेश मोठा झाला आणि चाकणला एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर लागला. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, मग प्रेस खाली येते. एक हात आत राहू नये म्हणूनच बटणं दोन असतात. पण दोन बटणांत वेळ जातो, माल कमी निघतो. म्हणून त्या मशीनचं एक बटण टेप लावून कायमचं दाबून टाकलं होतं. कोणी, ते कोणीच सांगत नाही.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याच्या शेजारचं आणि मधलं.

मी भाऊंबरोबर दवाखान्यात गेले. गणेश शुद्धीवर होता. भाऊंनी त्याच्या बँडेजकडे बघितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "मशीनवर स्टिकर व्हता का?"

"व्हता बाबा," गणेश म्हणाला. "आपलाच."

भाऊ बाहेर बाकावर येऊन बसले. मी शेजारी बसले. ते चित्र माझंच होतं. इतकी वर्षं आम्ही ते छापलं, मोजून दिलं आणि कोणी वाचतं का हे कधी विचारलं नाही. संताप येत होता, पण कोणावर काढायचा?

*

मध्यंतरी त्याच स्टिकरची ऑर्डर पुन्हा आली. कंपनी दुसरी होती. दुसऱ्या कोणाला देऊ का काम, असं मी भाऊंना विचारलं. "काहून?" म्हणाले, आणि जाळी घेऊन बसले.

जाळी तयार झाली की तिच्यात नको तिथे बारीक भोकं राहतात. ती ब्रशने रसायन लावून बुजवायची असतात, नाहीतर कागदावर ठिपके उमटतात. त्या दिवशी भाऊ बुजवण्याचं काम फार वेळ करत होते. मी फोनवर होते, लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी मंगलबाईंनी मला रॅकजवळ बोलावलं. "ताई, ह्ये बगा."

सगळा माल छापून झाला होता. सुबक, काठ न फुटलेला. चाकं तीच, अक्षरं तीच. पंजाला मात्र तीनच बोटं. अंगठ्याच्या शेजारची दोन भाऊंनी बुजवून टाकली होती.

"भाऊ, कंपनी हे घेणार नाही," मी म्हणाले.

"न घेऊ द्या."

"मग मी काय पाठवू त्यांना?"

भाऊ पट्टी पुसत राहिले.

तेवढ्यात गणेश आला. नोकरी गेल्यापासून तो बापाला घरी न्यायला येतो. आमची तिघांची तोंडं त्याने पाहिली. मग त्याने रॅककडे बघितलं. एक स्टिकर उचलला, टेबलावर ठेवला आणि शेजारी आपला उजवा हात पसरून टेकवला. आजवर आमच्यापैकी एकाच्याही लक्षात न आलेली गोष्ट त्याला लगेच दिसली.

"बाबा," तो म्हणाला, "ह्यो डावा हाय. माझा उजवा गेला."

भाऊ वाकले. आधी स्टिकर बघितला, मग पोराचा हात. मग जाळी उचलून धुवायला घेऊन गेले.

"ताई," मोरीतून त्यांचा आवाज आला, "फिल्म नवी काढा."

मी कॉम्प्युटर चालू केला.