फी परत येते

धाकटीची पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. बाजारामागच्या गल्लीत तिचं एका खुर्चीचं पार्लर होतं. भुवया, केस, चेहरा आणि कुणाची मान धरली असेल तर मानही. तिच्या हाताला गुण होता, पण तोंड हाताच्याही पुढे चालायचं. गिऱ्हाईक अर्ध्या तासासाठी यायचं आणि सासरच्या सगळ्यांची उणीदुणी काढून तासाभरानं उठायचं. अशानं दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच माणसं व्हायची. त्यात कोपऱ्यावर एका मोठ्या कंपनीचं काचेच्या दाराचं, मालिश वगैरे करणारं वेलनेस सेंटर झालं. धाकटीच्या पोटात दुखू लागलं. आठवडाभर ते दुखणं तिनं सहन केलं आणि मग त्याच कंपनीला फोन लावला.

कंपनीचा माणूस आला. सोनेरी काड्यांचा चष्मा होता, म्हणून धाकटीच्या लेखी तो चष्मेवाला. त्यानं फ्रँचायझी म्हणजे काय ते नीट समजावलं. आधी एकरकमी फी भरायची. तिच्या बदल्यात कंपनीचं नाव लावता येणार, शिकवायला माणूस येणार, भिंतीला रंग कोणता द्यायचा तेही कंपनीच ठरवणार. जागा, सजावट, टॉवेल, तेलं यांचा खर्च वेगळा. त्यासाठी धाकटीनं पार्लरची जागा विकायची तयारी ठेवली होती. राहता राहिली फी, आणि तो आकडा तिच्या आवाक्याबाहेरचा होता.

"म्हणजे हे पैसे गेलेच का?" तिनं सरळ विचारलं.

"गेले कसे, मॅडम? दीड वर्षात फी परत येते."

"नक्की?"

"आमच्या सगळ्या सेंटरांची आली आहे."

तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्याच्या धंद्यात फी परत येते म्हणजे तेवढी कमाई होते. धाकटीनं मात्र निम्मं आयुष्य भाड्याच्या घरांत काढलेलं. घर सोडलं की मालक अनामत परत करतो, कुरकुरत का होईना पण करतो. परत या शब्दाचा तिला तेवढाच अर्थ ठाऊक. करारात काय छापलंय ते वाचायच्या फंदात ती पडली नाही. प्रत्येक पानावर वळणदार सही मात्र केली.

फीचे पैसे ताईनं दिले. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. जन्मभर शिवणकाम करून तिनं ते साठवले होते आणि त्यातून तिला स्वतःची एक खोली घ्यायची होती. लेकाकडे तिला काही कमी नव्हतं. पण तिचा पलंग बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर. घरातल्या शेवटच्या माणसाला झोप आली की मग ताईनं आडवं व्हायचं. दार लावून घेता येईल अशी खोली, एवढंच तिचं मागणं होतं. धाकटी म्हणाली, कंपनी दीड वर्षात परत देणार आहे, तोवर तुझी खोली कुठे पळून जात नाही. ताईनं काढून दिले.

सेंटर उभं राहिलं आणि बरं चाललं. टॉवेल कंपनी सांगेल तशी घडी घालून ठेवायचे, तेल कंपनीकडूनच घ्यायचं, मालिश करताना अवाक्षर काढायचं नाही. या शेवटच्या नियमानं धाकटीचा जीव नुसता कासावीस व्हायचा. जुन्या बायका दोनदा येऊन कंटाळल्या आणि यायच्या थांबल्या. त्यांच्या जागी कचेऱ्यांतली माणसं येऊ लागली, डोळे मिटून पडू लागली. भाडं, दोन मुलींचे पगार आणि कंपनीचा महिन्याचा वाटा जाऊन जे उरायचं त्यात धाकटीचं घर नीट चालायचं. गळकं छत बदललं, घरात नवा फ्रिज आला. फीचे पैसे कंपनीकडे सुखरूप आहेत म्हटल्यावर हात आखडता घ्यायचं कारणच नव्हतं.

मुदत भरत आली तशी ताईनं एक खोली पाहिली आणि धाकटीकडून पैसे येताच घेते असा मालकाला शब्द दिला. सुनेलाही सांगून टाकलं. धाकटी मोठी पिशवी घेऊन कंपनीच्या कचेरीत गेली.

चष्मेवाल्यानं तिला ओळखलं, चहा मागवला. तिचं म्हणणं कळल्यावर त्यानं संगणकावर तिच्या सेंटरचा हिशेब काढला आणि तिचं अभिनंदन केलं. फी परत आली होती, वर थोडं जास्तच.

"कुठे आहे मग?"

"तुम्हाला मिळालीच की, मॅडम. दर महिन्याच्या कमाईतून."

"ती कमाई माझ्या हातांची," धाकटी म्हणाली. "मी माझी फी मागतेय."

तो गोंधळला, मग त्यालाही उमगलं आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं वरिष्ठांना फोन करून पाहिला. तिकडून जे उत्तर यायचं तेच आलं.

ताईकडे जाताना धाकटीनं मनातल्या मनात चष्मेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताईसमोर बसल्यावर मात्र तिला रडूच फुटलं. तिनं सगळं सांगितलं. कंपनीनं फसवलं, शब्दांत पकडलं, गोड बोलून गळा कापला.

"तू सारखं कंपनी कंपनी म्हणतेस," शेवटी ताई म्हणाली. "मी कंपनीला कुठे दिले होते? मी तुला दिले होते."

छत, फ्रिज आणि दीड वर्षात मोकळ्या हातानं केलेलं सगळं धाकटीच्या डोळ्यांपुढून गेलं. आपण ताईचे पैसे थोडेथोडे करून खाल्ले, आणि तेही आनंदानं, हे तिला तेव्हा कळलं. लाज वाटली, फार वाटली. चष्मेवाल्याला दिलेल्या शिव्या आता तिला तिच्याच तोंडाला चिकटल्यासारख्या वाटल्या.

"मी देईन, ताई. महिन्याच्या महिन्याला."

"दे," ताई म्हणाली आणि तिनं फोन उचलला.

खोलीचा मालक चिडला असावा, कारण ताईला बराच वेळ नुसतंच ऐकून घ्यावं लागलं. मग तिनं शांतपणे सांगितलं, की खोली दुसऱ्या कुणाला द्या, तुमचा खोळंबा झाला त्याची माफी मागते. आमच्या धाकटीनं मला नीटच सांगितलं होतं, ऐकण्यात माझीच चूक झाली.