उस्तादांचा उरलेला दगड

उस्ताद गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर आधी दुःख झालंच नाही; राग आला. मी तेव्हा गडहिंग्लजकडे एका पुलाच्या मापासाठी मुक्कामाला होतो. कोल्हापूरहून आलेला गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "तुमचा दस्तगीर उस्ताद गेला की वो, परवा दिशी. माती बी झाली." मग मला निरोप का नाही धाडला, असं मी ओरडूनच विचारलं. तो म्हणाला, "त्येनंच सांगून ठेवलं हुतं म्हनं. रावसाब मापात हायत, त्येंचं माप चुकवू नका." आता याला काय म्हणावं? अकरा वर्षं या माणसाने माझं एकही माप धड लागू दिलं नाही, आणि जाताना मात्र माझ्या मापाची काळजी! त्या गोष्टीला आता दीड महिना होत आला. राग अजून गेलेला नाही, पण तो कशाचा आहे हे आता नीट कळलं आहे.

दस्तगीर उस्ताद हे कोल्हापुरातले जुने पाथरवट. नदीकडच्या वाटेवरचा दवाखाना ज्यांनी पाहिला आहे त्यांनी उस्तादांचं काम पाहिलेलं आहे. नाव मात्र ऐकलं नसेल, कारण दवाखान्याच्या दारातल्या संगमरवरी पाटीवर ते नाही. माझं आहे. त्या कामावरचा ओव्हरसियर मी होतो.

त्यांची माझी शेवटची भेट त्याच दवाखान्यात झाली. छातीत जन्मभराची दगडाची पूड बसलेली, खोकला काही केल्या थांबत नव्हता. मी खाटेशी जाऊन बसलो, तर प्रकृतीचं राहिलं बाजूला, आढ्याकडे बोट करून म्हणाले, "रावसाब, ह्ये तुमचं मंगळूरी कौल गळतंय बघा. माझ्या कमानीतनं कधी थेंब आलाय?" मी म्हणालो, "उस्ताद, कमान उघडीच असते. ती गळणार कुठून?" त्यावर ते इतके हसले की खोकल्याने कासावीस झाले आणि कंपाउंडर मला रागे भरला. मग जरा शांत झाल्यावर म्हणाले, "तुमास्नी एक सांगायचं हुतं…" ते माझ्या खिशातल्या वहीकडे बघत राहिले. "ऱ्हाऊ दे. तुमास्नी काय सांगितलं की तुमी लिवून काढता." मी उठलो, चार दिवसांनी येतो म्हणालो आणि गडहिंग्लजला गेलो.

महाराज गादीवर आल्यापासून गावात नव्या इमारतींचा जो सपाटा सुरू झाला, त्यातच हा दवाखाना निघाला. जागा मिळाली ती एका पडक्या सराईची. तीन बाजूंच्या भिंती कधीच्या बसलेल्या, आत घाणेरी माजलेली. दर्शनी बाजूला दोन दगडी खांब तेवढे उभे होते आणि त्यांवरची मोठी कमान खाली ढीग होऊन पडली होती. ठरलं असं, की जुनं दर्शन राखायचं आणि त्याला पाठीमागून नवी इमारत जोडायची. विटांच्या भिंती, काचेची तावदानं, मंगळूरी कौलं, असा सगळा नवा थाट. मी तेव्हा पुण्याहून शिकून आलेला, अंगात नवा जोम. मी नकाशात त्या दोन खांबांवर सरळ लोखंडी गर्डर टाकला होता. दवाखान्याचं दार ते, आजारी माणसं, लेकुरवाळ्या बाया खालून जाणार. एकदा पडलेली कमान पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढवायची कशाला?

उस्तादांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "म्हाताऱ्याच्या तोंडात लोखंडाचा दात बसवतासा व्हय?" झालं. तिथून जी जुंपली ती थेट आमच्या मोठ्या साहेबांपर्यंत गेली. साहेब कंटाळलेले. तेव्हा मीच एक अट सुचवली. कमानीचे सगळे जुने दगड शाबूत निघाले तर कमान उभी करावी. एक जरी तडकलेला निघाला तर गर्डर टाकावा, आणि दगड शाबूत असल्याचा दाखला ओव्हरसियरने लिहून द्यावा. साहेबांना अट पटली. मला वाटलं, आपण जिंकलो. इतक्या उंचीवरून पडलेल्या दगडांत एखादा तरी फुटका निघणारच.

उस्तादांनी ढीग उपसून दगड अंगणात ओळीने मांडले. डाव्या अंगाचे दहा, उजव्या अंगाचे दहा आणि माथ्यावरचा, सगळ्यांना धरून ठेवणारा मधला एक. प्रत्येकावर गेरूने खूण केली. डाव्यांवर उभ्या रेघा, उजव्यांवर आडव्या, मधल्यावर एक गोल. मी वही घेऊन तपासायला गेलो. एकेक दगड ठोकून पाहिला आणि वीस भरले. "एकविसावा कुठाय?" "ह्यो की, माझ्या बुडाखाली." उस्ताद त्यावर बसून भाकरी खात होते. मी म्हणालो, जरा उठा, बघू दे. तर म्हणाले, "जेवन हू दे की." त्या दिवशी त्या माणसाने एक भाकरी आणि चिमूटभर खर्डा किती वेळ पुरवला म्हणून सांगू! एकेक घास पंचवीस वेळा चावत होते. शेवटी मी वैतागलो, वहीत एकवीस मांडले, शेरा लिहिला 'सर्व शाबूत', आणि निघून आलो. हा शेरा मी लिहिला. कुणी माझा हात धरला नव्हता.

मग घडली ती माझी थोर कामगिरी. मोठे साहेब कामाची पाहणी करायला येणार होते. अंगणात चिखल, राडा, तेव्हा मी फर्मान सोडलं, सगळं कसं लखलखीत करा. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर कामावरच्या बायकांनी राख आणि नारळाची शेंडी घेऊन कमानीचे सगळे दगड घासून काढलेले! त्यांतली कोंडाबाई मोठ्या अभिमानाने म्हणाली, "रावसाब, दगडं निस्ती तांबड्या डागांनी भरलीती बगा. एक डाग म्हून ठिवला न्हाय." माझ्या तोंडचं पाणी पळालं. कोणता दगड कुठला हे सांगणारी एकही खूण उरली नव्हती. आणि गावात बोललं जायला लागलं की ओव्हरसियरने मुद्दाम धुवून घेतले, गर्डर टाकायला. शपथेवर सांगतो, तसं नव्हतं. पण सांगणार कुणाला?

उस्ताद आले. मला वाटलं, आता माझी खैर नाही. ते त्या धुतल्या दगडांच्या ओळीतून सावकाश फिरले. ज्यावर बसून ते जेवले होते तो दगडच काय तो बायकांनी वरच्यावर घासला होता. जड म्हणून कुणी हलवला नव्हता. उस्ताद त्यावर बसले, बराच वेळ सगळ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "झ्याक केलंसा रावसाब." एवढंच. टोमणा असा की काळजात रुतून बसला.

दुसऱ्या दिवसापासून उस्ताद गायब. निरोप आला, ताप आलाय. आठ दिवस झाले तरी पत्ता नाही. मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको, मी तिला भाभी म्हणायचो, दारातच उभी राहिली. आतल्या अंगणातून छिन्नीचा आवाज स्पष्ट येत होता. "ताप आहे ना?" मी विचारलं. "व्हय तर." "मग हे काय चाललंय?" "शेजारणीचा पाटा टाकायला आलाय," असं सांगून तिने दार लोटलं. म्हणजे दरबारचं काम अडलेलं आणि हे घरी बसून शेजारणीच्या पाट्याला टाकी लावतायत! मी वहीत हेही लिहून ठेवलं.

नवव्या दिवशी ते बैलगाडीत बसून आले. गाडीत गोणपाटाखाली काहीतरी जड. "हत्यारं हायत," म्हणाले. आणि मग त्यांनी खुणांशिवाय कमान लावली. जमिनीवर दगड मांडायचे, एकाच्या कडेवरून बोटं फिरवायची, दुसऱ्याच्या कडेवरून फिरवायची, मान हलवायची, बदलायचे. चुन्याचे जुने ओघळ कुठे जुळतात ते डोळे मिटून चाचपायचे. मला जवळ येऊ देत नव्हते. "तुमी नव्या भिंतीकडं बगा. हिकडं म्हातारी माणसं बोलतायत, त्यात पडू नका." तीन आठवड्यांत कमान लाकडी साच्यावर चढली. मी शिडीवर चढून दगड मोजले. बरोबर एकवीस.

साचा काढायचा दिवस मी विसरणार नाही. खालचे टेकू ठोकून पाडायचे. कमान नीट लागली असेल तर उभी राहील, नसेल तर… उस्तादांनी पहारीने एक दगड सरकवत सरकवत नेमका कमानीखाली आणला आणि त्यावर बसून भाकरीचं फडकं सोडलं. तोच तो, त्यांचा बसायचा दगड. मी चक्रावलो. एकवीस वर गेले, मग हा बाविसावा कुठला? "मागल्या भिंतीचा असंल," म्हणाले. मग थोडे बाजूला सरकून दगडावर हात आपटला, "या की रावसाब. जागा हाय दोघांस्नी." मी गेलो नाही. लांब चिंचेखाली उभा राहून वहीत काहीतरी लिहिण्याचं सोंग करत होतो. टेकू पडले. साचा खाली आला. चुन्याची भुकटी उस्तादांच्या भाकरीवर पडली आणि कमान होती तिथे उभी राहिली. ते फडकं झटकत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "खर्डा झ्याक हुता. चुकलासा." मी दाखला लिहून दिला: सर्व दगड जुने व शाबूत. खाली सही.

काम संपलं, पाटी लागली, दवाखाना सुरू झाला, तरी हा माणूस रोज दुपारी येऊन त्याच दगडावर बसून जेवायचा. ऐन वाटेत! हुपरीकडून, राधानगरीकडून गाड्या करून आलेले रोगी त्यांना वळसा घालून आत जात. कंपाउंडर माझ्याकडे तक्रारी घेऊन यायचा. मी सांगायला गेलो की एकच उत्तर, "जेवन हू दे की." दगड कुठला म्हणून विचारलं की दर खेपेला निराळं. कधी सासऱ्याने दिलेला, कधी पावण्यांना बसायला आणलेला. ताकास तूर लागू देतील तर शपथ. इकडे मी दर पावसाळ्यानंतर शिडी लावून कमान तपासायचो. माथ्यावरच्या मधल्या दगडावर हात ठेवून खात्री करायचो. आणि एवढं करूनही खालून जाताना पाय उचलायचो. अकरा वर्षांत त्या कमानीखाली मी एकदाही थांबलो नाही.

गडहिंग्लजहून परतल्यावर कंपाउंडर लगेच आला. आता तरी तो दगड हलवा, बसणारं माणूस गेलं, रोगी ठेचकाळतात. मी चिडूनच होतो. हलवा म्हणालो. दोन गडी पहार घेऊन आले, दगड एका कुशीवर उचलला आणि पलटी केला. त्याच्या पोटावर, मातीखाली, गेरूचा गोल होता. फिकट, पण पुरता गोल. आणि गोलाच्या मधून, या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेला तडा.

ही कमानीच्या माथ्याची खूण. मधला दगड अकरा वर्षं खाली होता, पालथा, उस्तादांच्या बुडाखाली. आणि वर, ज्यावर मी दरसाल हात ठेवत होतो, तो उस्तादांनी नवा घडवलेला. नवा दगड जुन्यांत लगेच ओळखू आला असता, पण मी सगळेच नव्यासारखे घासून ठेवले होते! 'झ्याक केलंसा' हा टोमणा नव्हता हो. तो माणूस मनापासून बोलला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

तसाच भाभीकडे गेलो. विचारलं, "त्या आठ दिवसांत उस्तादांना ताप होता का?" भाभी रडता रडता हसली. "ताप कसला वो? रातध्याड दगूड घडवत हुते. मी म्हनलं, रावसाबास्नी सांगून टाका. तर म्हनले, त्यो मानूस चांगला हाय, पर त्येच्याजवळ वही हाय." 

मी खूप चडफडलो. मला खोटी सही करायला लावून गेले. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हे मनात दहादा घोळवलं, आणि दहाही वेळा उत्तर तेच आलं. सांगितलं असतं तर मी तडा वहीत लिहिला असता, गर्डर टाकला असता आणि नियमाप्रमाणे वागलो म्हणून शांत झोपलो असतो. माझ्यावर भरवसा टाकला नाही याचं वाईट वाटतं. तो टाकण्यासारखा मी तेव्हा नव्हतो, याचं जास्त वाटतं. शेवटच्या भेटीतही त्यांनी वहीकडे पाहिलं आणि गप्प झाले, हे तर सोसतच नाही. आता उस्ताद, तुम्ही म्हणालात तसं लिहून काढलंच आहे. हे छापून आलं की दाखल्याबद्दल मला विचारणा होईल. होऊ दे. पण त्या दारातून जाणाऱ्याने पाटी वाचू नये, मान वर करावी. माथ्यावरचा दगड जुना नाही. तो दस्तगीर उस्तादांचा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दवाखान्यात गेलो. दगड तसाच पडला होता, गोल वर करून. गडी विचारत होते कुठे टाकायचा. म्हणालो, कुठे नाही, इथेच राहील. आणि मी त्यावर बसलो, बरोबर कमानीखाली. एका बाजूला जरा जागा सोडून. वर पाहिलं. किती वेळ गेला कोण जाणे… कंपाउंडर समोर येऊन उभा राहिला. "रावसाहेब, वाटेत बसलात. रोगी खोळंबलेत, जरा उठता का?"

माझ्या हातात भाकरी नव्हती, खर्डा नव्हता, काही नव्हतं. तरी म्हणालो, "जेवण होऊ दे की."