रोजची गोळी, जोतिबाची पायरी

जोतिबा आमचं कुलदैवत. लहानपणापासून रविवारचा नेम मी सहसा मोडला नाही. तरीही रक्ताचा कॅन्सर माझ्याच वाट्याला का आला, हे मी देवाला कितीदा तरी विचारलं. उत्तर येईना, तेव्हा देव्हाऱ्यासमोर बसणंच सोडून दिलं.

आजार सावकाश चालणारा आहे, रोज एक गोळी घ्यायची आणि आयुष्य चालू ठेवायचं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. गोळीनं तिचं काम चोख केलं, रिपोर्ट चांगले येऊ लागले. पण चांगला रिपोर्ट आलेला माणूस घरात कसा जगतो, ते त्यात लिहिलेलं नसतं. सकाळी डोळ्यांखाली सूज, ताट समोर आलं की मळमळ, पोटऱ्यांत पेटके. शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर भट्टीपाशी उभा राहणारा मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना थांबू लागलो. लोक म्हणत, "बरा दिसतोयस की!" ते जास्त लागायचं.

शेवटी बायकोला सांगून टाकलं, "गोळी बंद. जेवढं जगायचं तेवढं माणसासारखं जगतो."

ती रडली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "आधी रविवारी जोतिबाला जाऊया. त्याला सांगा, मग काय ते करा. तवर घ्यायची."

तिचं एवढं मागणं मोडवेना.

रविवारी देवळाकडच्या पायऱ्या उतरताना पोटरीत असा पेटका आला, की मी भिंतीला धरून खालीच बसलो. बायको घाबरली. दर्शन घेऊन वर चढणारे एक म्हातारबाबा थांबले. कपाळभर गुलाल, खांद्यावर घोंगडं.

"ओ पावणं, पाय लांब सोडा की!" म्हणत त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. वडिलांच्या वयाच्या माणसानं पाय दाबावा याचा संकोच वाटून मी मागं ओढू लागलो, तर दटावून म्हणाले, "गप बसा." पोटरी सैल होईपर्यंत ते चोळत राहिले. मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "सकाळधरनं काय खाल्लंय?"

"खाणं उतरतच न्हाई त्यांना," बायको म्हणाली.

बाबांनी फडकं सोडलं. अर्धी भाकरी आणि झुणका माझ्या हातावर ठेवला, अर्धी स्वतः खाल्ली. पाणी प्यायले आणि बंडीच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. ते बघून माझा घास हातातच राहिला. माझीच गोळी होती ती.

"बाबा, तुम्हीपण?"

"व्हय. थोरली नात जलमली नव्हती तवापास्नं. आता कॉलेजात जाती ती." शाहूवाडीकडं त्यांचं भाताचं शेत होतं. अजून लावणीला उतरायचे.

"दमत नाही?"

"दमतो की! मग बांधावर बसतो. म्हातारी शिव्या घालत्या, आन् चा बी आणून देत्या." ते एवढ्या मोठ्यानं हसले, की बायकोही हसली. किती दिवसांनी!

हसता हसताच तिचे डोळे भरले. "हे गोळी बंद करायला निघालेत, बाबा."

त्यांचं हसू थांबलं. "ही मळमळ, ह्ये पेटकं, डाक्टरला सांगितलासा का?"

नव्हतं सांगितलं. रिपोर्ट चांगला आहे एवढं ऐकून मी दरवेळी बाहेर पडत होतो.

"सांगा की मग. त्येंच्या मनानं घ्या. आन् बाकीचं त्येच्यावर टाका," म्हणून त्यांनी देवळाच्या शिखराकडं हात केला आणि चालू लागले. नावगाव विचारायचंही सुचलं नाही.

देवानंच पाठवलं त्यांना, असं बायको म्हणते. मी वाद घालत नाही. त्या भाकरीनंतर मळमळलं नाही, एवढं खरं.

गोळी चालूच राहिली. त्याच आठवड्यात डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मळमळीवर, पेटक्यांवर इलाज केला. सगळं गेलं नाही. कारखान्यात आता मी भट्टीपासून लांब, बसून करायचं काम करतो. वाईट दिवस येतात, त्या दिवशी बायको मऊ भात टाकते आणि मी झोपून राहतो. आजार काढून घे म्हणून देवाशी भांडणं मात्र थांबलं.

परवा पुन्हा जोतिबाला गेलो. गाभाऱ्यासमोर हात जोडून बराच वेळ उभा होतो. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय मागितलंसा एवढं?"

"काहीच नाही."

"मग इतका वेळ काय करत होता?"

"तो माझ्याकडं बघत होता," मी म्हटलं, "मी त्याच्याकडं."

तिनं माझ्या कपाळावरचा गुलाल बोटानं सारखा केला.