पाहून झालेल्या जागा

गेल्या जानेवारीत, दाट धुकं असलेल्या एका सकाळी, माझे वडील सिटी सेंटर भागातल्या आमच्या फ्लॅटमधून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मृतावस्थेत सापडले.

ते गणिताचे निवृत्त प्राध्यापक होते. निवृत्त झालो आहोत हे अलीकडे त्यांच्या लक्षात राहत नसे. त्या दिवशी अंगात स्वेटर होता आणि पायांत घरातल्या चपला. मफलर खुंटीवर होता, मोबाइल टीव्हीजवळ. आई आंघोळीला गेली होती. मी एका हिंदी दैनिकात डेस्कवर काम करतो. आतल्या खोलीत बसून एका बातमीच्या दुरुस्त्या फोनवर सांगत होतो. बाहेर आलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्यांना पाहिलं होतं. "बाबूजी? हाँ, अभी निकले. मैंने पूछा तो बोले, क्लास है, बच्चे बैठे होंगे."

क्लास म्हणजे जुन्या बाजारातलं दौलतगंज. तिथे एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत बाबांनी बरीच वर्षं शिकवणी घेतली होती. बाबा दिसतील म्हणून आधी जवळचे रस्ते पाहिले, ते दिसले नाहीत, मग स्कूटर थेट दौलतगंजात नेली. दुकानाच्या बाजूने, गल्लीतूनच वर जाणारा जिना आहे. त्याला दार नाही. वरच्या खोलीला कुलूप होतं आणि जिना रिकामा. ते आले तर बसवून घ्या आणि फोन करा, असं दुकानदाराला सांगून मी परतलो.

तोवर ताई आली होती. ती इथल्याच एका कॉलेजात गणित शिकवते. तिने शहराचा छापील नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, आमच्या घराभोवती पेन्सिलीने एक मोठा गोल काढला आणि त्याच्या आत लहान लहान गोल.

"पहिल्या तासात इथवर पोचतील, दुसऱ्यात इथवर. प्रत्येक गोल पुढच्या गोलाच्या पोटात. ही वाढती क्रमिका. संध्याकाळपर्यंत बाबांच्या चालीने हा सगळ्यात मोठा गोल होईल. त्याच्या बाहेर ते नाहीत." मग तिने दौलतगंजावर बारीक रेघा मारल्या. "जी जागा पाहून झाली ती वजा. उरलेला भाग कमी कमी होत जाणार. ही घटती. शेवटी जेवढं उरेल, तिथे बाबा."

आई दारात उभी होती. "जन्मभर बाप-लेक कागदावर गोल काढत आलात. आता माणूस काढा त्यातून."

"तेच करतेय, आई."

"पटापट कर. मफलर इथे राहिलाय."

वाढत्या आणि घटत्या क्रमिका आम्हाला बाबांनी शिकवल्या होत्या. कॉलेजात ते हिंदीत समुच्चय म्हणत, घरी मराठीत संच. मी शाळेत असताना एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं होतं, "एकपासून पुढच्या सगळ्या संख्या, हा पहिला संच. दोनपासून पुढच्या सगळ्या, हा दुसरा. तीनपासून पुढच्या, तिसरा. असे संच पुढे चालूच. प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, पण कुठलाही रिकामा नाही. आता सगळ्या संचांत असेल अशी एक संख्या सांग."

मी हजार म्हटलं.

"हजाराव्या संचापर्यंत आहे. त्याच्या पुढच्यात?"

मी लाख म्हटलं. ताई हसायला लागली. बाबांनी भाताचा घास घेतला आणि म्हणाले, "दर वेळी हातात काहीतरी असतं. शेवटी काही नसतं. ह्या क्रमिकेची सीमा रिकामा संच." मला ते पटलं नव्हतं. ताईला पटलं होतं. पुढे ती त्याच विषयात गेली.

दुपारी पोलिसांत बेपत्ता असल्याची नोंद केली. सराफ्यातल्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात बाबा दिसले. भिंतीच्या कडेने, हळू, महाराज बाडा या चौकाच्या दिशेने चालले होते. स्वेटर तोच, चपला त्याच. ही पहिली खात्रीची गोष्ट. बाड्यापाशी त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. मी आणि मेहुण्यांनी बाड्याभोवतालच्या गल्ल्या पाहिल्या, मग त्यांचं जुनं कॉलेज, मग बँक. प्रत्येक जागा झाली की मी फोन करत असे आणि ताई तेवढ्या भागावर रेघा मारत असे. ती दर वेळी एकच प्रश्न विचारायची, "पूर्ण पाहिलंस ना?"

अंधार पडल्यावर बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याने बाजारातून जाताना सरांसारखं कोणीतरी पाहिलं होतं, दौलतगंजाच्या तोंडाशी. "भैया, पक्का नहीं कह सकता. मैं गाड़ी पर था, धुंध भी थी. पीछे से देखा."

मी ताईला सांगितलं.

"पाठमोरं पाहिलं म्हणतोय ना? मग कच्चं आहे," ती म्हणाली. "आणि दौलतगंज झालंय. स्टेशन अजून व्हायचंय."

"झालंय म्हणजे काय?" आईने विचारलं. "ते काय एका जागी बसलेत?"

ताईने पेन्सिल स्टेशनवर टेकवली. आम्ही स्टेशनला गेलो. सगळे प्लॅटफॉर्म, वेटिंग रूम, बाहेरचा रिक्षा स्टँड. मग बसस्टँड. रात्री पारा खूप खाली गेला. पोलिसांची गाडी त्यांच्या मार्गाने फिरत होती. आमच्या नकाशावर मोठ्या गोलात थोडीच पांढरी जागा उरली होती, तीही पहाटेपर्यंत पाहून झाली. सकाळी गोलात रेघा नसलेली एकही जागा नव्हती.

ताई नकाशासमोर बसून होती. तिने विचारलं, "तू दौलतगंजात गेलास तेव्हा कितवा गोल चालू होता?"

"पहिला. तासही झाला नव्हता."

तिने पेन्सिलीचं टोक पहिल्या गोलावर ठेवलं. दौलतगंज त्याच्या बऱ्याच बाहेर होतं.

"म्हणजे तेव्हा ते तिथे असूच शकत नव्हते," ती म्हणाली. "तू स्कूटरवर होतास, ते पायी होते. ते पोचायच्या आधी तू पाहून आलास आणि मी ती जागा कायमची वजा केली. वस्तू हरवली असती तर हे चाललं असतं. हरवलेला माणूस चालत होता. पाहून झालेल्या जागेत तो नंतर येऊ शकतो. माझी क्रमिका घटती नव्हतीच."

तिने खोडरबर घेऊन दौलतगंजावरच्या रेघा पुसायला सुरुवात केली.

"ताई, ऊठ," मी म्हटलं.

आईने खुंटीवरचा मफलर काढून तिच्या हातात दिला.

बाजार अजून उघडला नव्हता. बाबा जिन्यावर, वरच्या बाजूला, भिंतीला डोकं टेकून बसलेले होते. हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. खोलीचं कुलूप तसंच होतं. ताई त्यांच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिने त्यांच्या पायांवर मफलर टाकला. पोलिसांना फोन मी केला.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण थंडी सांगितलं आणि वेळ पहाटेची. सराफ्यातल्या कॅमेऱ्यानंतर ते कुठे होते याची खात्रीलायक माहिती मिळालेली नाही. विद्यार्थ्याने पाहिलेला माणूस तेच होते की नाही, हेही ठरवता आलेलं नाही. दुकानदाराचा जबाब पोलिसांनी घेतला. मी सांगून ठेवल्यामुळे त्याने रात्री दुकान बंद करताना टॉर्च घेऊन जिना वरपर्यंत पाहिला होता. तेव्हा तिथे कोणी नव्हतं.