पक्ष्याच्या चोचीचा लोलक

कोठी भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या त्या बाईंच्या गळ्यात, काळ्या पोतीसोबत, जेड नावाच्या हिरव्या दगडाचा लोलक होता: वर पक्ष्याची चोच, खाली कुऱ्हाडीचे पाते. बोलता बोलता त्यांचा अंगठा त्या चोचीवरून सारखा फिरे.

"पोरगा कोस्टारिकात नोकरीला हाय, सायब. मागच्या टायमाला हे आणलं. आज असलेच आणखी दोन घेऊन निघायलाय," त्या कौतुकाने म्हणाल्या.

मूर्तींच्या चोरीविरुद्ध आयुष्यभर सरकारला पत्रे लिहीत आलेला मी. माझा संताप अनावर झाला.

"बाई, हा गुन्हा आहे! तिथले प्राचीन लोक पक्ष्याला आभाळाचा दूत मानत असावेत. असे लोलक ते मृतासोबत पुरत. हा थडग्यातून उकरलेला असणार. विमानतळावर तुमच्या मुलाला अटक होईल!"

अंगठा थांबला.

"मय्यत बाईची होती का बाप्याची?"

"ते मला कसे कळणार?"

त्यांनी मुलाला फोन लावला. तो लागेना. शेवटी त्यांनी बोलून निरोप ठेवला: "बाळा, ते दोन तिथल्याच म्युझियमात देऊन ये. मला एकाचीच माफी मागायला जमंल रे, तिघांची नक्को."

विमान सुटण्यापूर्वी तो निरोप त्याने ऐकला की नाही, मला ठाऊक नाही. तेव्हापासून सकाळचे वर्तमानपत्र उघडले की मी आधी विमानतळावरच्या अटकेच्या बातम्या शोधतो. गुन्हेगार पकडला गेल्याची बातमी सापडू नये, असे मला आयुष्यात प्रथमच वाटते आहे.